वाचकांचे प्रश्न : एका टनाची किंमत किती?

प्रश्न : एक टन कार्बन डायऑक्साइडमुळे होणाऱ्या नुकसानीचा अमेरिकी सरकारचाच आकडा कधी 7 डॉलर, कधी 51, तर कधी 190 असा वाचनात आला. खरा कोणता?

उत्तर : तिन्हींचा सांगाडा एकच आहे. जगाच्या अर्थव्यवस्थेचे आणि हवामानाचे गणिती प्रारूप एकदा जसेच्या तसे चालवतात, मग एका वर्षात एक टन जादा घालून पुन्हा चालवतात. पिके, उष्णतेचे बळी, चढता समुद्र यांपायी दरवर्षी नुकसान किती वाढले ते साधारण 2300 सालापर्यंत मांडतात आणि आजच्या किमतीत आणून बेरीज करतात.

घोडे पेंड खाते ते या शेवटच्या पायरीवर. शंभर वर्षांनी होणारे 1000 डॉलरचे नुकसान आज केवढ्याचे? वटावाचा दर (डिस्काउंट रेट), म्हणजे पुढची रक्कम आजच्या किमतीत आणताना वर्षाला जितक्या टक्क्यांनी उतरवतात तो दर, 2 टक्के धरला तर 138 डॉलर. 3 टक्क्यांनी 52. आणि 7 टक्क्यांनी जेमतेम सव्वा डॉलरही नाही.

2017 नंतर ट्रम्प प्रशासनाने 3 आणि 7 टक्के असे दर लावले आणि फक्त अमेरिकेच्या हद्दीतले नुकसान मोजले. आकडा 1 ते 7 डॉलरवर आला. 2021 मध्ये साऱ्या जगाचे नुकसान पुन्हा हिशेबात घेऊन 3 टक्क्यांनी 51 झाला. 2023 मध्ये पर्यावरण संरक्षण संस्थेने 2 टक्के दर धरला, नुकसानीचे नवे अभ्यास घेतले, आणि 190 आला. आमच्या मते 7 टक्के हा भांडवलावरच्या परताव्याचा दर; तो नातवंडांच्या नुकसानीला लावला की ते नुकसान कागदावरून पुसलेच जाते. घरापुरते मोजणेही फसवे. प्रत्येक देशाने तसेच केले, तर सीमेपलीकडचे नुकसान कुणाच्याच वहीत चढत नाही.

प्रश्न : देशाचे एकूण उत्सर्जन गुणिले हा टनामागच्या डॉलरचा दर, म्हणजे त्या देशाचे नुकसान ना?

उत्तर : नाही, आणि ही चूक फार जण करतात. त्या गुणाकारातून त्या देशाने साऱ्या जगाचे केलेले नुकसान निघते. त्याला स्वतःला सोसावे लागते ते सगळ्या देशांच्या धुराचे. त्यासाठी दर टनामागे त्या देशाच्या वाट्याला काय येते, ते वेगळे काढावे लागते. 2018 मध्ये ‘नेचर क्लायमेट चेंज’मध्ये आलेल्या अभ्यासात जगाचा मध्यक आकडा टनाला 417 डॉलर होता, त्यात भारताचा वाटा सर्वांत मोठा, 86 डॉलर, आणि अमेरिकेचा 48. आधीच उष्ण असलेल्या देशात तापमान आणखी वाढले की उत्पादन घटते. थंड देशांना काही काळ फायदाही दिसतो.

प्रश्न : जुन्या अहवालांतले दर साडेतीन पटींनी जास्त का दिसतात?

उत्तर : तिथला टन बहुधा नुसत्या कार्बनचा असतो. 12 ग्रॅम कार्बन जळला की 44 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड होतो, म्हणून त्या दराला 3.67 ने भागा. डॉलर कोणत्या वर्षाचा तेही पाहा. 51 आणि 190 हे दोन्ही 2020 च्या डॉलरमधले आहेत.

प्रश्न : पेट्रोलच्या लिटरवर हा खर्च किती बसतो?

उत्तर : एक लिटर जळले की सुमारे 2.3 किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. 51 च्या दराने लिटरमागे 12 सेंट, 190 च्या दराने 44 सेंट. विहिरीपासून पंपापर्यंतचे उत्सर्जन यात धरलेले नाही.