मुलाला आमदार करायचं आहे

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातून एका वडिलांचं पत्र आहे. मुलगा 20 वर्षांचा, राज्यशास्त्र घेऊन बीएच्या शेवटच्या वर्षाला, आतापर्यंत 58 टक्के. त्याला आमदार करायचं आहे. वकिली करावी की आत्तापासून एखाद्या नेत्याबरोबर फिरावं? खर्चासाठी कुळागर, म्हणजे नारळ-सुपारीची बाग, गहाण ठेवायची तयारी आहे. शेवटी एक ओळ : 'तो मात्र बीएड म्हणत बसलाय.'

नमस्कार,

टक्क्यांची काळजी सोडा, उमेदवारीला शिक्षणाची अट नाही. मला घोर लागला तो शेवटच्या ओळीचा. एवढ्या मोठ्या पत्रात मुलाचं म्हणणं तेवढंच आलं, तेही तक्रार म्हणून. आणि कुळागर? उद्या तो पडला, तर गेलेल्या कुळागराचा दोष आयुष्यभर त्याच्या माथी बसेल. अनामत 10,000 रुपये. वैध मतांच्या सहाव्या हिश्शाहून अधिक मतं पडली नाहीत तर तीही जप्त. 2022 ला गोव्यात खर्चाची मर्यादा उमेदवारामागे 28 लाख होती. आमदारकीतून कर्ज फेडू म्हणणारा माणूस पहिल्या दिवसापासून ठेकेदाराच्या मुठीत असतो. गहाणखत करू नका.

घाईही नको. विधानसभेसाठी अर्जांच्या छाननीच्या दिवशी 25 वर्षं पूर्ण लागतात, म्हणजे 2027 ची निवडणूक त्याच्यासाठी नाहीच. वकिली पदवीनंतर तीन वर्षांची. आवड असेल तरच करावी. नेत्यामागे फिरून पोरं बॅनर बांधायला शिकतात, कागद वाचायला नाही.

तुम्ही लिहिता, आमदार झाला की गावातल्या पोरांना नोकऱ्या लावील. हा समज काढून टाका. गोव्यात 40 आमदार, त्यांतले मुख्यमंत्र्यांसह जास्तीत जास्त 12 मंत्री. बाकीच्यांच्या सहीने नेमणूक होत नाही, रस्ताही मंजूर होत नाही. वर्ग क पदांसाठी कर्मचारी निवड आयोगाची संगणकावरची परीक्षा आहे. आमदाराची खरी हत्यारं पर्वरीला, विधानसभेत : तारांकित प्रश्न (ज्याला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतो), लक्षवेधी सूचना, कपात सूचना (खात्याच्या मागणीतली रक्कम कमी करा म्हणणारी), खासगी विधेयक. ती चालवायला अभ्यास लागतो. 'सत्तरीतल्या वनहक्क दाव्यांचं (जंगलजमिनीवरच्या हक्कासाठी केलेल्या अर्जांचं) काय झालं?' असं विचारलं की 'कार्यवाही सुरू आहे' एवढं उत्तर येतं आणि विषय संपतो. पंचायतनिहाय किती दावे आले, किती ग्रामसभेला पुरेशी माणसं न जमल्याने अडले, किती मोजणीसाठी थांबले, किती उपविभागीय समितीकडे पडून आहेत, असं तोडून विचारलं की खात्याला आकडे द्यावेच लागतात. मग त्या आकड्यांवर सभागृहात उपप्रश्न विचारून मंत्र्याला धरता येतं. हे ज्याला जमतं तो विरोधात बसूनही गावाच्या कामाचा.

मुलाला यात खरंच रस आहे का, हे त्याला एकट्याला बसवून विचारा आणि मध्ये बोलू नका. 'हो' म्हणाला तर ग्रामसभेला जाऊ दे, पंचायतीचा अर्थसंकल्प वाचू दे, 10 रुपये भरून माहिती अधिकारात एखाद्या कामाचं मोजमाप पुस्तक, म्हणजे प्रत्यक्ष किती काम झालं त्याची नोंदवही, मागू दे. 21 पूर्ण झाल्यावर पंचायतीला उभं राहता येतं, तिथे पक्षाचं चिन्ह लागत नाही. सरकारी शिक्षक झाला, तर मात्र राजीनामा दिल्याशिवाय निवडणूक लढवता येणार नाही. हे त्याला आत्ताच सांगा.

'नाही' म्हणाला तर विषय तिथेच थांबवा. राजकारणाची ओढ तुम्हाला आहे, तर तुम्ही उभे राहा. 2022 ला निवडून आलेल्या पंचायतींची मुदत 2027 मध्ये संपते. पंचायतीच्या मतदार यादीत तुमचं नाव आहे ना, ते आधी बघा. आणि मुलाच्या बीएड प्रवेशाची तारीख चुकू देऊ नका.