मूत्रपिंड टाकते थोडे, राखते फार

प्रश्न : मूत्रपिंड ही शरीराची गाळणी आहे असे शाळेत शिकलो. मग तिला नको असलेले पदार्थ नेमके ओळखू कसे येतात?

उत्तर : ते तिला ओळखावे लागत नाहीत, आणि मला या रचनेतली हीच सर्वांत देखणी गोष्ट वाटते. प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे १० लाख नेफ्रॉन, म्हणजे रक्त गाळणाऱ्या सूक्ष्म नलिका, असतात. त्यांच्या तोंडाशी असलेल्या केशवाहिन्यांच्या गुच्छांतून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो. रक्तपेशी आणि बहुतेक प्रथिने मागे राहतात, पण पाणी, साखर, क्षार, युरिया असे बाकीचे सगळे नलिकेत उतरते. रक्तातला द्रवभाग जेमतेम ३ लिटर असल्यामुळे हे सारे बाहेर पडले असते, तर अर्ध्या तासात तो संपला असता. दिवाळीच्या आवराआवरीत घरातले सामान अंगणात काढून कामाचे तेवढे परत आत न्यावे, तसे नलिकेच्या पेशी सुमारे ९९ टक्के पाणी, निरोगी माणसात जवळजवळ सगळी साखर आणि गरजेपुरते क्षार रक्तात परत घेतात. जे उचलले गेले नाही, त्याची सुमारे दीड लिटर लघवी होते. रक्तातील साखर फार वाढली की उचलणाऱ्या पेशींची क्षमता अपुरी पडते आणि ती लघवीत उतरते. सोबत पाणीही ओढले जाते, म्हणून मधुमेहात वारंवार लघवी होते.

प्रश्न : दर वैशाखात मला ‘उन्हाळी’ लागते. लघवी गडद पिवळी होते व जळजळते. हा उष्णतेचा दोष आहे का?

उत्तर : घामावाटे पाणी गेले की मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूष ग्रंथीतून पाणी राखणारे संप्रेरक अधिक स्रवते, नलिका जास्त पाणी परत घेतात आणि लघवी घट्ट होते. रंग गडद होतो तो त्यामुळे. तो दोष नव्हे, काटकसर आहे. पुरेसे पाणी प्यायल्यावर एक-दोन दिवसांत हे थांबले पाहिजे. मात्र जळजळ टिकली, ताप आला किंवा रक्त दिसले, तर सब्जाच्या पाण्यावर विसंबून न राहता लघवीची तपासणी करून घ्यावी. स्त्रियांनी तर चालढकल करूच नये, कारण त्यांचा मूत्रमार्ग सुमारे ४ सेंटिमीटरच लांब असल्याने जंतूंना मूत्राशय जवळ पडते.

प्रश्न : क्रिएटिनिन नॉर्मल आले. आता काळजी नको ना?

उत्तर : पुष्कळदा नको, पण क्रिएटिनिन हा स्नायूंतून रक्तात येणारा आणि मूत्रपिंडांनी बाहेर टाकायचा पदार्थ असला, तरी मूत्रपिंडांची जवळजवळ निम्मी क्षमता जाईपर्यंत त्याचा आकडा मर्यादेत राहू शकतो. मधुमेह किंवा उच्च रक्तदाब असेल, तर लघवीतील अल्ब्युमिन हे रक्तातले प्रथिनही दरवर्षी तपासून घ्यावे.