सोडायच्या माशासाठी गळ कोणता?

प्रश्न : हतनूरच्या जलाशयावर मी कृत्रिम आमिषाने मरळ पकडतो आणि परत सोडतो. आमिषाला तीन तोंडांचे दोन गळ असतात. ते काढताना माशाचा जबडा फाटतो. उपाय काय?
– एक वाचक, भुसावळ

उत्तर : दोन्ही गळ काढून मागच्या कडीत एकच एकतोंडी गळ बसवावा, कारण एक टोक तोंडात रुतले की उरलेली टोके माशाच्या डोळ्यात किंवा कल्ल्यात घुसतात आणि खरी इजा तिथेच होते. मात्र वजन घटल्याने आमिषाची पाण्यातील चाल बिघडू शकते. म्हणून नवा गळ किंचित मोठा घ्यावा व काठाजवळच्या उथळ पाण्यात ओढून पाहावा. टोकामागचा उलटा काटा चपट्या पकडीने दाबून टाकावा. जुन्या धोतराच्या फडक्यात गळ टोचून मागे ओढला असता धागा न अडकता निघाला, तर काटा पुरता बसला असे समजावे. मासा निसटेल ही धास्ती, आमच्या मते, अर्धी खोटी आहे. दोरी ताणलेली ठेवली की तो सहसा सुटत नाही. मरळ हवेतही श्वास घेते, तरी तिला तापलेल्या खडकावर ठेवू नये; हात ओले करूनच धरावे, म्हणजे अंगावरचा बुळबुळीत थर टिकतो.