एकाच यंत्रावर दुसरी तपासणी कशासाठी?

प्रश्न : माझ्या सासऱ्यांच्या मेंदूच्या एमआरआयमध्ये गाठ दिसली आणि डॉक्टरांनी त्याच यंत्रावर स्पेक्ट्रोस्कोपीही करण्यास सांगितले. तिच्यातून वेगळे काय कळते?
— एक वाचक, नाशिक रोड

उत्तर : एमआरआयची प्रतिमा मुख्यतः शरीरातील पाणी व चरबी यांतील हायड्रोजनच्या अणुकेंद्रकांकडून येणाऱ्या रेडिओ संकेतांवर बेतलेली असते. चुंबकीय क्षेत्राची तीव्रता जागोजागी किंचित बदलत नेल्यास संकेत कोठून आला हे कळते, हे अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ पॉल लॉटरबर यांनी १९७३ मध्ये पाण्याच्या बारीक नळ्यांची प्रतिमा मिळवून दाखवले. २००३ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल त्यांना पीटर मॅन्सफिल्ड यांच्यासह मिळाले. स्पेक्ट्रोस्कोपीत मात्र पाण्याचा प्रबळ संकेत मुद्दाम दाबतात, कारण ज्या रेणूंचा शोध घ्यायचा ते पाण्याच्या तुलनेत हजारो पटींनी विरळ असतात. हाती येतो तो कोणता रेणू किती आहे हे दाखवणारा आलेख : चेतापेशींची खूण मानल्या जाणाऱ्या एन-ॲसिटिल ॲस्पार्टेटचे शिखर २.० पीपीएमला (पीपीएम म्हणजे आलेखाच्या आडव्या अक्षावरील स्थान मोजायचे एकक), तर पेशींच्या आवरणाशी निगडित कोलीनचे ३.२ पीपीएमला. पहिले खचून दुसरे उंचावले, तर अर्बुदाची (ट्यूमरची) शंका बळावते. (निदान एवढ्यावर ठरत नाही, बायोप्सी कित्येकदा लागतेच.) गाठ कवटीच्या हाडालगत असल्यास आलेख बिघडू शकतो, म्हणून तिची जागा डॉक्टरांना अवश्य विचारावी.