सहा आणि नऊ वर्षांच्या मुलांना साफसफाईत कसं घ्यावं? त्यांच्या हातात देता येतील अशी घरगुती साधनं कोणती?

तुम्ही लिहिलंय की मुलं मदतीला येतात तेव्हा नेमकं तुमच्या हातात फिनाईल नाहीतर बाथरूमचं ॲसिड असतं, म्हणून तुम्ही त्यांना बाजूला करता. आणि तुम्ही काम सांगायला जाता तेव्हा ती पळून जातात. माझा मुलगा आता तेरा वर्षांचा आहे आणि मुलगी नऊची. आमच्याकडेही बरीच वर्षं हेच चाललं होतं.

मला यात एक गोष्ट फार उशिरा लक्षात आली. तीन-चार वर्षांचं पोर फडकं घेऊन आपल्या मागे मागे फिरतं, त्या वयात आपण त्याला दिवसातून दहा वेळा म्हणतो, "हात लावू नको, डोळ्यात जाईल, तिकडे जाऊन खेळ." ते ऐकतं. दहाव्या वर्षी ते जागचं हलत नाही म्हणून आपण चिडतो, पण ते तेव्हापासून सांगितलेलंच ऐकत आलेलं असतं. साधं, निर्धोक साधन त्याच्या हातात दिलं की आपलं ओरडणं थांबतं. माझ्या मते घरगुती साधनांचा सगळ्यात मोठा फायदा हाच.

सुरुवात पितळ-तांब्यापासून करा. लिंबाएवढी चिंच कोमट पाण्यात अर्धा तास भिजवायची, चिमूटभर मीठ घालायचं आणि देवघरातला काळवंडलेला तांब्या मुलासमोर ठेवायचा. माझ्या सासूबाई रत्नागिरीकडच्या, त्या सारातली उरलेली आमसुलंच वापरतात. माझ्या मुलीनं पहिल्यांदा आमसूल अंगठ्याखाली धरून तांब्याच्या पोटावर ओढलं, तेव्हा त्या काळ्यावर बोटाएवढा गुलाबी पट्टा उमटला. ती तशीच थांबली, मग त्या पट्ट्याशेजारी दुसरा ओढला. त्यानंतर अर्धा तास तिला कुणी काही सांगावं लागलं नाही. धातूवर चढलेला काळा थर चिंचेतल्या, आमसुलातल्या आंबटपणानं विरघळतो, एवढं सांगितलं की नऊ वर्षांच्या मुलाला पुरतं. नंतर भांडं भरपूर पाण्यानं धुऊन लगेच कोरडं पुसायचं, नाहीतर डाग पडतात. पुसण्याचं काम धाकट्याला द्या. हाताला कुठे खरचटलं असेल तर त्या दिवशी नको, फार झोंबतं.

मुलांना मेहनतीचा कंटाळा येत नाही असा माझा अनुभव आहे. त्यांना कंटाळा येतो तो काही दिसत नसलेल्या कामाचा. म्हणून पहिली कामं अशी निवडा की हाताखाली फरक दिसेल. आमच्याकडे सांगलीत बोअरचं पाणी, नळांवर पांढरा क्षार बसतो. सरबताला पिळलेल्या लिंबाच्या फोडी नळाच्या तोंडाला रबरबँडनं बांधून ठेवायच्या आणि तासाभरानं नळ जुन्या टूथब्रशनं घासायचा. क्षार भुगा होऊन निघतो. हे काम मुलाचं, तो ते आठवड्याला आपणहून करतो.

पण एक फार महत्त्वाचं. लिंबू, व्हिनेगर, चिंच शहाबादी फरशीवर, कडाप्प्याच्या ओट्यावर किंवा संगमरवरावर सांडू देऊ नका. हे सगळे चुन्याचे दगड आहेत. आंबट पदार्थ नळावरचा क्षार जसा खातो तसाच हा दगडही खातो आणि तिथे कायमचा निस्तेज डाग पडतो. आमच्या ओट्यावर व्हिनेगरच्या बाटलीच्या बुडाचा गोल अजून दिसतो. अशा फरशीला कोमट पाणी आणि थोडं रिठ्याचं पाणी पुरे.

रिठ्याचं सांगते. दहा-बारा रिठे फोडून काळ्या बिया काढायच्या, टरफलं लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवून सकाळी दहा मिनिटं उकळायची आणि गाळून घ्यायची. फ्रीजमध्ये आठवडाभर टिकतं. फरशी, कंगवे, मुलांची खेळणी, चांदीचे पैंजण, सगळ्याला चालतं. बिया काढायचं काम मुलांना फार आवडतं, त्या काळ्या गोट्या मग खेळायला जातात. (घरात रांगतं बाळ असेल तर त्या मोजून परत घ्या, घशात अडकतील.)

आणि इथेच मी चुकले होते. "नैसर्गिक आहे" म्हणून मी मुलाला स्प्रेच्या बाटलीत रिठ्याचं पाणी भरून दिलं आणि दुसऱ्या खोलीत गेले. त्यानं नळी उलटी धरून दाबली, फवारा थेट डोळ्यात. पंधरा मिनिटं नळाखाली डोळा धुतला, डॉक्टरांकडे नेलं. इजा झाली नाही, पण दुसऱ्या दिवसापर्यंत डोळा लाल होता आणि त्याचं ते विव्हळणं मी विसरलेले नाही. तेव्हापासून स्प्रे बंद. वाडग्यात पाणी, त्यात फडकं बुडवायचं, पिळायचं, पुसायचं. तसाच कापूर. पुष्कळजण फरशीच्या पाण्यात घालतात, पण तो पोटात गेला तर लहान मुलाला झटके येऊ शकतात. मुलांच्या हाती देऊ नका.

व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा एकत्र करून बाटलीत भरण्याचे व्हिडिओ मुलं दाखवतील. फेस छान येतो, पण दोघं एकमेकांना मारतात आणि खाली उरतं ते खारट पाणी. झाकण घट्ट असेल तर बाटली फुटते. फेसाची गंमत मोरीच्या जाळीवर उघड्यानं करू द्या, आणि तव्याचं करपलेलं काढायला नुसता सोडा ओला करून वापरा. फळांच्या साली आणि गूळ पाण्यात आंबवून जे बायो-एन्झाइम, म्हणजे सफाईचं पाणी, करतात त्यातूनही महिनाभर रोज झाकण सैल करून वायू सोडावा लागतो, ते मोठ्यांनी करावं.

संडास, आजारी माणसाची उलटी, कच्च्या मटणाचा पाट या कामांना चिंच-लिंबू पुरत नाही. तिथे जंतुनाशक लागतं आणि ते मी स्वतः करते, मुलं शाळेत असताना. ब्लीच कधीही ॲसिडमध्ये किंवा व्हिनेगरमध्ये मिसळू नका, त्यातून क्लोरीन वायू निघतो. आणि सायकलवरून येणारं सुटं फिनाईल पाण्याच्या किंवा कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरून ठेवू नका. तहानलेलं मूल बाटली ओळखतं, आतलं पाणी ओळखत नाही. कुणी चुकून प्यायलंच तर उलटी करवू नका, बाटली सोबत घेऊन तडक दवाखान्यात जा. माझ्याकडे रिठ्याचं पाणीसुद्धा काचेच्या बरणीत असतं आणि त्यावर मुलीनं चिकटवलेला कागद असतो, "प्यायचं नाही".

राहिलं कामाचं वाटप. मुलीला भांडी आणि मुलाला बाजारहाट असं करू नका. आमच्याकडे केर मुलगा काढतो. पैसे मी देत नाही, कारण पैसे थांबले की काम थांबतं, शेजारी हेच पाहिलंय. आणि मुलानं पुसलेली फरशी त्याच्यासमोर परत पुसू नका. मला हे सगळ्यात जड गेलं. कोपऱ्यात धूळ दिसते, हात शिवशिवतात. तरी राहू द्या. पुढच्या वेळी काम सुरू व्हायच्या आधी एवढंच म्हणा, "आज कपाटाखालून सुरुवात करू या का?"

सहा वर्षांच्याला दहा मिनिटं पुरेत, नऊच्याला वीस. या रविवारी एकच भांडं काढा, तुमचं तुम्ही दुसरं घ्या आणि त्यांच्या शेजारी पाटावर बसा.