मार्चएंडला सगळं बिनचूक करायच्या नादात कामाचाच वीट आलाय. हा आळस आहे का?

आळस मुळीच नाही. आळशी माणूस रात्री अकराला तीच शीट चौथ्यांदा तपासत नाही.

तुम्ही सांगताय ते बर्नआउटसारखं वाटतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आयसीडी-११ या आजारांच्या जागतिक वर्गीकरणात त्याची तीन लक्षणं दिली: अंगातलं त्राण जाणं, कामावरून मन उडणं आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटणं. तिथे तो आजार म्हणून नाही, तर कामाच्या न आवरलेल्या ताणातून येणारी अवस्था म्हणून नोंदवलाय. त्यामुळे सगळा दोष स्वतःकडे घेऊ नका.

मीही अकाउंट्समध्येच आहे. एका मार्चमध्ये ताळेबंद जुळल्यावरही मी रकान्यांची रुंदी सारखी करत बसले होते, आणि घरी लेक वाट बघून झोपून गेली. तेव्हापासून जीएसटी, टीडीएसचे आकडे पैशापैशापर्यंत तपासते. ऑफिसातले मेल आणि फॉरमॅटिंग एकदाच बघून पाठवते. सुरुवातीला फार जड गेलं, सेंडवर बोट अडायचं.

झोप उडाली असेल, ऑफिसच्या नावानं रडू येत असेल, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा. मोफत आहे, मराठीत बोलता येतं.