जर्मनीला राहायला गेल्यावर किंडलवर मराठी पुस्तकं कशी विकत घ्यावीत? तिथे किमती वेगळ्या का असतात?

घाईघाईने किंडलचा देश बदलू नका, हे आधी सांगतो. अ‍ॅमेझॉनच्या जर्मन दुकानातून भांडीकुंडी मागवायला किंडल खातं हलवावं लागत नाही. ती दोन सेटिंग्ज वेगळी आहेत.

ई-पुस्तकाचे हक्क देशानुसार विकले जातात. इंग्रजी पुस्तकांच्या बऱ्याच स्वस्त आवृत्त्या फक्त भारतीय उपखंडासाठी असतात. मराठीत प्रकाशकाने विक्रीचा प्रदेश ‘फक्त भारत’ ठेवला असेल, तर ते पुस्तक जर्मन दुकानात दिसतच नाही. जगभराचे हक्क असतील तर दिसतं, पण किंमत युरोत. व्हीपीएन (इंटरनेटवर आपण दुसऱ्या देशात आहोत असं दाखवणारी सोय) लावून फारसं काही साधत नाही, कारण दुकान ठरतं ते खात्यातल्या देशावर.

म्हणून निघण्याआधी हवी ती मराठी पुस्तकं भारतीय दुकानातूनच घेऊन ठेवा. खातं नंतर हलवलं तरी विकत घेतलेली पुस्तकं तुमचीच राहतात. ‘किंडल अनलिमिटेड’ (वर्गणी भरून पुस्तकं उसनी वाचायची योजना) मात्र सोबत येत नाही: सदस्यत्व संपलं की उसनी घेतलेली पुस्तकं जातात, तिकडे ते नव्याने घ्यावं लागतं. अ‍ॅमेझॉन पे मधले रुपयेही जर्मन दुकानात चालत नाहीत, आधीच खर्चून टाका.

कायमचं राहणार असाल तर ब्राउझरमध्ये ‘मॅनेज युअर कंटेंट अँड डिव्हायसेस’ उघडा, ‘प्रेफरन्सेस’मध्ये ‘कंट्री/रीजन सेटिंग्ज’ शोधा. तिथे जर्मनीतला पत्ता टाकला की खातं हलवायचा पर्याय येतो. पैसे भरायला तिथलं कार्ड किंवा बँक खातं बरं. भारतीय कार्डावर परदेशी व्यवहार बँकेच्या अ‍ॅपमधून सुरू करावे लागतात (पेमेंट अडकायचं नेहमीचं कारण हेच), वर चलनबदलाचं शुल्क बसतं ते वेगळंच.

किमतीचं म्हणाल, तर जर्मन पुस्तकांवर सवलत शोधण्यात वेळ घालवू नका. तिथल्या २००२ च्या कायद्याने प्रकाशकाने ठरवलेली किंमत सगळ्या दुकानांना पाळावी लागते, आणि २०१६ पासून त्यात ई-पुस्तकांचा स्पष्ट उल्लेख आहे. मुख्यतः जर्मनीत विकण्यासाठी नसलेली परभाषेतली पुस्तकं यातून सुटतात, त्यामुळे इंग्रजी पुस्तकांचे भाव दुकानागणिक हलतात. ई-पुस्तकांवरचा कर डिसेंबर २०१९ मध्ये १९ वरून ७ टक्के झाला. दिसणाऱ्या किमतीत तो धरलेला असतो.

नवं उपकरण घेणारच असाल तर टोलिनो हे किंडलसारखंच ई-पुस्तकं वाचायचं उपकरणही बघा. तिथल्या सार्वजनिक वाचनालयांची ई-पुस्तकं उसनी देणारी ‘ऑनलाईहे’ सेवा त्यावर चालते, किंडलवर नाही.